हँड गिअर का खडखडतो? जुन्या पिकअपच्या स्टेअरिंग गिअरचे घासलेले भाग बदलण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या दारात एक जुनी शेवरोलेट पिकअप आहे. आजोबांनी ती निपाणीच्या वखारीतून तंबाखूची पोती न्यायला घेतली, वडिलांनी तिच्यातून गुळाच्या ढेपा वाहिल्या आणि माझ्या वाट्याला तिचा खडखडाट आला. खानापूर, चिकोडी, संकेश्वर, सीमेपलीकडच्या चंदगडहूनही माणसं गाडी बघायला येतात. फोटो काढून झाले की हळूच विचारतात, "आमच्याकडं पण एक पडून हाय, पण गिअर पडत नाही की वो." प्रश्न बहुधा तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. मी मिस्त्री नाही. एकाच गाडीशी पंचवीस वर्षं झटापट केलेला माणूस आहे, एवढं लक्षात ठेवून वाचा.

हँड गिअर म्हणजे नक्की कोणता? आमच्याकडे काहीजण त्याला स्टेअरिंग गिअर म्हणतात.

दोन्ही एकच. गिअरचा दांडा खाली जमिनीतून न येता स्टेअरिंगच्या कॉलमला आडवा बसवलेला असतो. अँबॅसिडर आणि पद्मिनीच्या जुन्या मॉडेलांना असाच होता, त्यामुळे चाळिशीपुढच्या बहुतेकांनी तो निदान मागच्या सीटवरून तरी पाहिलेला आहे. अमेरिकन पिकअपना तो तीन गिअरचा असे. शेवरोलेटच्या पिकअपना १९४८ पासून आला. १९४७ च्या मॉडेलला दांडा खालीच होता, तेव्हा कुणी १९४७ ची गाडी दाखवून "ओरिजिनल हँड गिअर" म्हणाला तर दोन प्रश्न जास्त विचारा.

एक सावधगिरी. गॅरेजात नुसतं "स्टेअरिंग गिअरचं काम आहे" म्हणू नका. समोरचा स्टेअरिंगचा गिअरबॉक्स उघडून ठेवेल. माझ्या बाबतीत हे घडलंय.

या गाड्या आपल्या भागात आल्या कुठून?

मुंबईहून. जनरल मोटर्सचा शिवडीला जुळणीचा कारखाना होता, १९२८ ते १९५४. सुटे भाग बोटीने यायचे आणि गाडी इथे उभी राहायची. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यातच होतं, १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत. त्यामुळे घरात जुने कागद सापडले तर त्यांवर मुंबई राज्याचे शिक्के दिसतील. घाबरू नका, आणि मुख्य म्हणजे ते कागद रद्दीत घालू नका.

आत नेमकं काय असतं?

गाडीगणिक फरक आहे, ढोबळ रचना सांगतो. दांडा वर एका पिनेवर डोलतो. त्याच्यापासून एक लांब नळी कॉलमला समांतर खाली बॉनेटमध्ये उतरते. काही गाड्यांत ती कॉलमच्या बाहेरून जाते, नंतरच्या बऱ्याच गाड्यांत आतून. दांडा आपल्याकडे ओढला किंवा पलीकडे ढकलला की नळी थोडी वर-खाली सरकते. दांडा वर-खाली केला की नळी गोल फिरते. नळीच्या पायथ्याशी एकावर एक असे दोन छोटे लोखंडी हात असतात. नळी सरकल्यावर तिच्यावरची पिन या दोनांपैकी एकाच्या खाचेत जाते आणि तोच हात फिरतो. एक हात पहिला आणि रिव्हर्स सांभाळतो, दुसरा हात दुसरा आणि तिसरा. प्रत्येक हातापासून एक रॉड गिअरबॉक्सच्या बाजूला जातो. काही गाड्यांत विभागणी वेगळी असते, एक रॉड फक्त जोडी निवडतो आणि दुसरा गिअर टाकतो. पण दुखणी सारखीच.

आता मोजा. वरची पिन, नळीचे वरचे आणि खालचे बुश (सांध्यात झीज सोसायला बसवलेली कडी), खाचेतली पिन, रॉडांची दोन-दोन टोकं, गिअरबॉक्सवरचे हात. आठ-दहा सांधे झाले. प्रत्येक सांधा थोडासाच झिजतो. पण दांडा २५ सेंटिमीटर लांब आणि खालचा हात ५ सेंटिमीटर असेल, तर खालची १ मिलिमीटरची ढिलाई वर हाताला ५ मिलिमीटर जाणवते. अशा तीन ढिलाया साठल्या की दीड सेंटिमीटर दांडा नुसताच हलतो, गिअरबॉक्सला त्याची खबरही नसते. एकत्र कुटुंबातल्या कुरबुरीसारखं आहे, कुणा एकाचा दोष दाखवता येत नाही आणि घर मात्र हलतं.

मिस्त्री म्हणतात गिअरबॉक्स उतरवावा लागेल. उतरवू का?

थांबा. या सगळ्या लिखाणाचं कारणच हा प्रश्न आहे. दहा जणांपैकी जवळजवळ सगळे मला हेच सांगत येतात आणि बहुतेकांचा गिअरबॉक्स ठणठणीत निघतो. त्या काळच्या अर्ध्या टनाच्या शेवरोलेटमध्ये प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या चाकांकडे जोर नेणारा दांडा, उघडा नसतो, जाड नळीत बंद असतो. गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे मागचा एक्सलही सोडून मागे सरकवायला लागतो. दोन बुशांसाठी एवढं कशाला?

आधी तीन गोष्टी करा. तिन्हींना मिळून तासभर लागत नाही.

पहिली. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद इंजिनावर गिअर सुरळीत पडतात आणि इंजिन चालू केल्यावर खर्र करतात, तर दोष क्लचचा. खात्री करायची तर इंजिन हळू चालू ठेवून क्लच दाबा, मनात सहा-सात अंक मोजा आणि मग रिव्हर्स टाका. तेवढ्या वेळात आतली चकती थांबायला हवी. तरीही खर्र आलं तर क्लच पूर्ण सुटत नाही. पेडलचा फ्री प्ले, म्हणजे क्लच पकडायच्या आधी पेडल किती मोकळं हलतं, ते बघा. हँड गिअरला हात लावू नका.

दुसरी. बंद इंजिनावरही दांडा अडकत असेल तर एका माणसाला आत बसवून दांडा हलवायला सांगा आणि तुम्ही बॉनेटमधून बघा. आमच्याकडे हे काम पुतण्या करतो. वरून "हलवलं काका" म्हणतो आणि खाली काही हललेलंच नसतं. कोणत्या सांध्यापर्यंत हालचाल पोचते आणि कुठे हरवते, ते डोळ्यांना सरळ दिसतं.

तिसरी, सगळ्यात महत्त्वाची. चाकांना गुटके लावा, गाडीखाली जा, गिअरबॉक्सवरच्या हातांपासून दोन्ही रॉड सोडवा आणि ते हात बोटांनी फिरवून बघा. प्रत्येक गिअरला 'टक्' असा स्पष्ट खटका लागला पाहिजे. खटका लागत असेल तर गिअरबॉक्सला निर्दोष सोडा. चालताना रेस सोडली की दुसरा किंवा तिसरा गिअर उडत असेल, तरी आधी हेच करा. रॉडची लांबी चुकलेली असेल तर गिअर अर्धाच बसतो आणि अर्धा बसलेला गिअर उडणारच. रॉड नीट लावून, खटका पूर्ण लागल्याची खात्री करून चालवल्यावरही उडत असेल, तर मात्र गिअरबॉक्स उघडा. तेव्हा मिस्त्रींना दोष देऊ नका.

गाडी जरा पुढे सरकत असताना पहिला टाकला की खर्र होतं. हाही बुशाचाच दोष?

नाही, तो तुमचा दोष. या तीन गिअरच्या बॉक्समध्ये पहिल्याला आणि रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे गिअर जुळण्याआधी त्यांचा वेग सारखा करणारी सोय, नाही. गाडी पूर्ण थांबवा, मग टाका.

रस्त्यात दोन गिअर एकदम अडकले आणि दांडा हलेना. काय करायचं?

हँड गिअरचा हा जगप्रसिद्ध रोग. खाचेतली पिन झिजली की ती दोन हातांच्या मधोमध लोंबकळते. एक हात न्यूट्रलला परत यायच्या आतच दुसऱ्यालाही ओढते. मग दोन्ही गिअर एकाच वेळी लागतात आणि गाडी ना पुढे ना मागे.

इंजिन बंद करा. हे अगदी पहिलं, कारण गाडी गिअरमध्ये आहे. हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. बॉनेट उघडून कॉलमच्या पायथ्याशी बघा. ते दोन हात एका रेषेत नसतील. जो सरकलेला आहे तो हाताने, नाहीतर पान्याच्या दांड्याने हलका ठोकून मधोमध आणा. दोन्ही एकावर एक आले की वरचा दांडा मोकळा होतो. पाच मिनिटांचं काम आहे. ग्रीसने हात काळे होतात, म्हणून सीटखाली चिंधी ठेवावी.

महिन्यातून एकदा असं होत असेल तर चालवून घेता येतं. आठवड्याला होऊ लागलं की भाग बदला. घाटात हे होऊन चालत नाही.

कोणकोणते भाग बदलावे लागतात? नेमकं खराब झालेलं तेवढंच बदललं तर?

तेवढंच बदललं तर उरलेले तुम्हाला सहा महिन्यांनी पुन्हा गाडीखाली बोलावतात. मी हे तीन हप्त्यांत केलं आणि पस्तावलो. एकदा खोललंत की दांड्याची पिन आणि तिची स्प्रिंग, नळीचे दोन्ही बुश, रॉडांच्या टोकांचे रबरी किंवा नायलॉनचे बुश, सगळे वायसर आणि सगळ्या स्प्लिट पिना (सांधा सुटू नये म्हणून घालून टोकं वाकवतात त्या) एका दमात बदला. हात, रॉड आणि नळी सहसा टिकतात, फक्त त्यांची भोकं तपासा.

दांडा चालताना किणकिण वाजत असेल तर बहुधा ती वरची स्प्रिंगच गेलेली असते. तिचं काम फक्त दांड्याला घट्ट धरायचं. एवढ्याशा स्प्रिंगसाठी लोक दांड्याला रबरबँड आणि सायकलची ट्यूब गुंडाळतात. आमच्या वडिलांनी सुतळी गुंडाळली होती, ती मी अजून काढून ठेवली आहे.

सामान कुठे मिळतं?

शेवरोलेट आणि फोर्डच्या जुन्या पिकअपचे हे भाग अमेरिकेत आजही नवे बनतात. मागवता येतात, फक्त सामानापेक्षा कुरिअर आणि कस्टम्स ड्युटी जड जाते, म्हणून तिघा-चौघांनी मिळून मागवावं. मागवताना साल, मॉडेल आणि गाडी उजव्या हाताच्या ड्राइव्हची आहे हे तीनही लिहा. कॉलमच्या पायथ्याचे हात आणि रॉड डाव्या-उजव्या ड्राइव्हला वेगळे असू शकतात. बुश, स्प्रिंगा आणि पिना मात्र बहुधा चालतात.

मुंबईच्या चोर बाजारात नशीब काढता येतं, पण तिथला माल आपल्यापेक्षा जास्त झिजलेला असण्याची तयारी ठेवा.

मी स्वतः बाहेर जाणं जवळजवळ सोडलंय. बेळगावात राहून लेथच्या कामाला तोटा नाही. उद्यमबागेत फाउंड्री आहेत, हायड्रॉलिकचे भाग मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत घासणारी माणसं आहेत. त्यांच्यासमोर आपला बुश म्हणजे किरकोळ. अडचण एकच, एक नग करायला कुणी मशीन रिकामं ठेवत नाही. दुपारच्या सुट्टीच्या आधी जावं, जुना बुश आणि तो ज्यात बसतो तो भाग दोन्ही बरोबर न्यावेत, "नुसतं माप सांगतो" असं म्हणू नये. कुंद्याचा पुडा नेला तर काम त्याच दिवशी होतं, हा माझा अनुभव.

बुश कशाचा करून घ्यावा?

नळीच्या बुशाला गन मेटल (तांब्याचा मिश्रधातू) किंवा डेल्रिन (एक टणक प्लास्टिक). लोक नायलॉन म्हणतात, पण नायलॉन पाणी शोषतो आणि फुगतो. उन्हाळ्यात अगदी नीट बसवलेला नायलॉनचा बुश आपल्याकडच्या जुलैत दांडा जड करून टाकतो. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात तर विचारूच नका. डेल्रिन पाणी फारसं शोषत नाही, दिसायला तसाच पांढरा, लेथवर कापायला सोपा. दुकानात दोन्ही रॉड शेजारी ठेवलेले असतात, तेव्हा विचारून घ्या.

फट ठेवायची साधारण ०.१ मिलिमीटर. लेथवाला विचारेल, "टाइट ठेवू का?" नको म्हणा. टाइट बुशात दांडा परत न्यूट्रलला येत नाही आणि मग पुन्हा तेच, दोन गिअर अडकणं.

रॉडांच्या टोकांना मात्र रबरी बुशच बरा. इंजिन थरथरतं, ती थरथर रबर खातं. तिथे धातूचा बुश बसवला तर कॅबिनमध्ये गिरणीत बसल्यासारखं वाटेल. या रबराला नेहमीचं ग्रीस लावू नका, साधं रबर त्याने फुगून मऊ पडतं. सिलिकॉन ग्रीस लावा.

हातांची भोकं लंबगोल झाली आहेत. वेल्डिंग मारून भरू?

चालतं, पण हात गाडीवर असताना नाही. काढून, धुऊन, भोक पूर्ण भरून, सपाट घासून मग नव्याने ड्रिल करा. नवं भोक जुन्या केंद्रावरच आलं पाहिजे, म्हणून भरायच्या आधी पत्र्यावर हाताचा छाप घेऊन ठेवा. माझी पसंती दुसऱ्या पद्धतीला आहे. भोक मोठं गोल करून त्यात पोलादी नळीचा तुकडा ठोकून बसवायचा. पुढच्या वेळी तेवढा तुकडाच बदलता येतो.

दांडा ज्यात बसतो ते वरचं ओतीव हौसिंग तडकलं असेल तर वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. ते बऱ्याच गाड्यांत जस्ताच्या मिश्रधातूचं असतं. आर्क लावला की लोण्यासारखं वितळतं आणि तुमच्या हातात काहीच उरत नाही. तडा छोटा असेल तर आतून पितळी पट्टी आणि बारीक स्क्रू. मोठा असेल तर जुन्याचा नमुना देऊन ॲल्युमिनियम किंवा गन मेटलमध्ये ओतून घ्या. ओतलेला भाग थंड होताना आकसतो, म्हणून नमुना जसाच्या तसा दाबला तर नवा भाग किंचित लहान येतो. फाउंड्रीवाल्याला हे ठाऊक असतं, तरी आठवण करावी.

कोणते पाने लागतील?

इंची. अमेरिकन गाडीचे नट अर्धा इंच, सात सोळांश, नऊ सोळांश अशा मापांचे असतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यावर १३ चा पाना बसतो पण सैल, आणि जोर लावला की नटाचे कोपरे गोल करतो. नऊ सोळांश म्हणजे १४.२९, त्यावर १४ चा जातच नाही. सात सोळांश ११.११ असतो, तिथे ११ चा पाना हातोडीने बसवणारे महाभाग मी पाहिले आहेत. अँबॅसिडरवर हात बसलेल्या जुन्या मिस्त्रींच्या पेटीत इंची पाने असतात. त्यांच्याशी सलोखा ठेवा.

शिवाय पिना ठोकायला सरळ पंच, नाकाडी पक्कड, उचललेली गाडी टेकवायला दोन घोड्या आणि चांगला टॉर्च.

घरच्या घरी करता येईल का? काम कोणत्या क्रमाने करू?

करता येतं. दोन रविवार धरा. पहिल्या रविवारी खोलायचं, मधल्या आठवड्यात बुश करून घ्यायचे, दुसऱ्या रविवारी बसवायचं.

आदल्या रात्री सगळ्या नटांवर डब्ल्यूडी-४० नाहीतर डिझेल मारून ठेवा. सकाळी गाडी सपाट जागी घ्या, चाकांना गुटके, बॅटरीचं टर्मिनल सोडवलेलं, कारण हॉर्नची तार कॉलममधूनच जाते. गाडीखाली जायचं तर घोड्यांवर. नुसत्या जॅकवर कधीच नाही, आणि विटांवर तर मुळीच नाही.

खोलायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, प्रत्येक सांध्याचे दोन बाजूंनी. वायसर पिनेच्या आत आहे की बाहेर, रॉडचा बाक वर आहे की खाली, हे दुसऱ्या रविवारी आठवत नाही. रॉडच्या टोकाचा नट खोलताना किती आटे मोकळे दिसतात ते मोजून खडूने जवळ लिहा. हातांवर सेंटर पंचाने एकाला एक ठिपका, दुसऱ्याला दोन. आणि गिअरचा पॅटर्न कागदावर काढून ठेवा. अमेरिकेत विकलेल्या डाव्या ड्राइव्हच्या गाडीत दांडा आपल्याकडे ओढून खाली केला की पहिला, वर केला की रिव्हर्स, पलीकडे ढकलून वर दुसरा आणि खाली तिसरा. आपली गाडी तशीच असेल असं गृहीत धरू नका.

मग खालून सुरुवात करा. आधी रॉड, मग हात, शेवटी वरचा दांडा. दांड्याची पिन एका बाजूने निघत नाही असं वाटलं तर ठोकायचं थांबवून दुसऱ्या बाजूने बघा. खालून हौसिंगला लाकडाचा आधार दिल्याशिवाय हातोडी चालवू नका. वर सांगितलेले बरेचसे तडे असेच जातात.

स्टेअरिंगचं चाक काढावं लागतं का?

दांड्याची पिन, स्प्रिंग आणि खालचं सगळं काम चाक न काढता होतं. नळी कॉलमच्या आत असेल आणि वरचा बुश बदलायचा असेल तरच चाक काढा. त्यासाठी पुलर, म्हणजे चाक ओढून काढायचं अवजार, लावा. मधला नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आट्यांवर राहू द्या, म्हणजे चाक सुटल्यावर तोंडावर येत नाही. शाफ्टच्या टोकावर हातोडी मारणारा माणूस दिसला की त्याला चहाला पाठवा. तो दणका सरळ खालच्या स्टेअरिंग बॉक्सच्या बेअरिंगांना बसतो.

नवे भाग बसवले, तरी गिअर नीट पडत नाही.

ॲडजस्टमेंट राहिली. नवे बुश घालून जुन्याच लांबीवर रॉड आवळले तर हेच होतं, कारण जुनी लांबी झिजलेल्या बुशांशी जुळवून घेतलेली होती.

गिअरबॉक्सवरचे दोन्ही हात न्यूट्रलला आणा. कॉलमच्या पायथ्याचे दोन्ही हातही न्यूट्रलला आणा. बऱ्याच गाड्यांत या हातांना आणि त्यांच्या ब्रॅकेटला आरपार एक भोक असतं. त्यात पाव इंची किंवा किंचित बारीक सळई घातली की सगळं एका रेषेत अडकून राहतं. ड्रिलचं पातं उलटं करून घातलं तरी चालतं. आता रॉड सैल असताना टोकं आपोआप भोकात सरकतात का बघा. ओढून-ताणून बसवायला लागत असेल तर नट फिरवून लांबी बदला. टोक अलगद बसलं पाहिजे. मग आवळा आणि सळई काढा. सळई काढायला विसरलात तर दांडा हलणारच नाही, आणि तुम्ही नव्या बुशांना शिव्या घालाल. मी घातल्या होत्या.

तरीही बिघाड असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंगं, म्हणजे ते ज्यांवर टेकतात त्या रबरी बैठका, बघा. कॉलम कॅबिनला बांधलेला आहे आणि गिअरबॉक्स चासीला. माउंटिंगचं रबर बसलं की गिअरबॉक्स खाली जातो किंवा एका बाजूला कलतो, कॉलम तिथेच राहतो, आणि मधल्या रॉडांची मापं बिघडतात. डॅशबोर्डखालची कॉलमची पट्टी ढिली असली तरी तोच प्रकार. क्लच सोडताना दांडा स्वतःहून हलताना दिसला तर संशय माउंटिंगवर घ्या.

स्प्लिट पिन नाही मिळाली, तर खिळा वाकवून घातला तर?

एका गॅरेजात हेच केलं होतं, मला न सांगता. चोर्ला घाटाकडे निघालो होतो, कणकुंबीच्या अलीकडे खिळा गळाला, रॉड सुटला आणि दुसरा गिअर हातातून गेला. नशीब की उतार अजून सुरू व्हायचा होता. मलप्रभेच्या उगमापाशी बसून तारेने रॉड बांधला आणि माघारी फिरलो. स्प्लिट पिना किलोवर मिळतात. एक पुडी गाडीत ठेवा.

अँबॅसिडरचा हँड गिअर यात बसेल का?

नाही. तो चार गिअरचा. बुशासाठी कच्चा माल म्हणून त्याचे भाग वापरता येतील, बाकी काही नाही.

त्यापेक्षा सरळ फ्लोअर शिफ्ट करून टाकला तर?

बरेच लोक करतात, आणि शेतावर रोज राबणाऱ्या गाडीला मी नाही म्हणणार नाही. पण मग कॅबिनचा पत्रा कापावा लागतो, पुढच्या बाकड्यावर तिसरा माणूस बसायची सोय जाते आणि कापलेलं परत जोडलं तरी ते जोडलेलंच दिसतं.

शिवाय कागदांचा प्रश्न आहे. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. नोंदणीचे २०,००० रुपये, ती १० वर्षं चालते, नूतनीकरण ५,००० रुपये. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा. बुश बदलणं म्हणजे देखभाल. कॅबिनचा पत्रा कापणं म्हणजे अधिकाऱ्याच्या मनःस्थितीवर विसंबणं. आणि अशी नोंदणी झाल्यावर गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. हौद्यात ऊस भरायचा विचार असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?

मिरगाच्या आधी एकदा आणि दसऱ्याला एकदा, खालचे हात डिझेलने धुऊन नवं ग्रीस. आपल्याकडची तांबडी माती ग्रीसमध्ये मिसळली की तिची कानस होते, म्हणून जुन्यावर नवं थापू नका. दसऱ्याला गाडी पुजायची असतेच, तेव्हा आदल्या दिवशी हे उरकून घ्यावं.

मुलगा चालवायला शिकतोय. त्याला काय सांगू?

हात दांड्यावर ठेवून चालवू नकोस, एवढं. सतत दाब राहिला की गिअरबॉक्सच्या आतले गिअर सरकवणारे काटे झिजतात. गिअर बदलताना न्यूट्रलमध्ये क्षणभर थांब, मग पलीकडच्या जोडीत जा. कोपरा कापायला गेलं की दोन हात अडकतात. घाट उतरताना दुसरा गिअर वरच टाकून घे, अर्ध्या उतारावर नको. आणि गाडी गॅरेजात लावून आलास तर मिस्त्रींनी कुठे खिळा वाकवलाय का, ते वाकून बघ.